चोरून घेतलेली गोळी

आमच्या बेळगाव भागात कुठल्या दुखण्याला कुठं जायचं हे ठरल्यासारखं असतं. हाडांचं काही असलं की मिरज. मुतखडा, डोळे, असलं काही निघालं की कोल्हापूर नाहीतर गडहिंग्लज. मोठं, खर्चाचं प्रकरण असलं की कुणीतरी बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात ओळख काढतं आणि गाडी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडं लागते. मनाचं दुखणं मात्र या हिशोबात कुठंच बसत नाही. त्याला एकच नियम, ओळखीचं कुणी भेटणार नाही तिथं जायचं. म्हणून निपाणीची माणसं कोल्हापूर गाठतात, चंदगडची बेळगावला येतात आणि बेळगावची हुबळीला जातात. एवढं करूनही बाकावर शेजारी गल्लीतलाच माणूस निघाला तर दोघंही "पाहुण्यांना घेऊन आलोय" म्हणतात आणि मोबाइलात डोकं घालतात.

यात धारवाडचा वाटा मोठा. "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" हे वाक्य आमच्याकडं भांडणात, थट्टेत, शाळेच्या मैदानावर सर्रास ऐकू येतं. पुण्याकडचे लोक येरवड्याचं नाव घेतात तसंच. तिथलं जुनं मनोरुग्णालय ब्रिटिश काळातलं. आज ते डिमहान्स नावाची मानसोपचाराची शिक्षणसंस्था आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कामात लक्ष लागत नाही अशा तक्रारी घेऊन साधी माणसं तिथं सकाळी केसपेपर काढतात आणि दुपारच्या बसनं घरी येतात. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

मी स्वतः डिप्रेशनची गोळी घेते. एस्सिटॅलोप्रॅम, दहा मिलिग्रॅम, सकाळच्या नाष्ट्यानंतर. कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये हे सांगणारी मी कोण, ते डॉक्टरांचं काम. मला वेगळंच सांगायचं आहे. या गोळ्यांना धोके आहेत, ते खरेच आहेत. पण माझ्या आसपास जे जे बिघडताना पाहिलं, त्यातलं बहुतेक एकट्या गोळीनं बिघडलं नव्हतं. ती चोरून घेतली होती, म्हणून बिघडलं.

माझी सुरुवात साधी होती. वडील गेले, सगळं रीतसर झालं, मी शाळेत रुजू झाले. मग कधीतरी लक्षात आलं की उत्तरपत्रिकेतलं तेच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. रडू येत नव्हतं. आलं असतं तर घरच्यांना निदान कळलं असतं. घरच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह तपासून घेतलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच विझतो. सगळं ठीक निघालं तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. ह्यांचं म्हणणं, कोल्हापूरला जाऊ, इथं कुणी बघितलं तर? मी म्हटलं, वडगावातून टिळकवाडीला रिक्षानं जाता येतं. दर खेपेला रजा टाकून कोल्हापूरला जायचं असेल तर दोन-तीन खेपांनंतर मीच टाळाटाळ करीन. ह्या गोळ्यांत पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांना पुन्हा पुन्हा भेटावंच लागतं. मात्रा वाढवायची की आहे तीच ठेवायची, त्रास काय होतो, हे चिठ्ठीवर बघून ठरत नाही, माणसाकडं बघून ठरतं.

पहिल्या भेटीत डॉक्टर गोळीकडं लवकर आलेच नाहीत. बीपीची गोळी घेता का, पाळीच्या वेळी दुखण्याची कुठली घेता, काढे-चूर्ण काही चालू आहे का, डोळ्यांत काचबिंदू, कधी फिट? मग विचारलं, "घरात कुणी असं होतं का, जे मध्येच फार उत्साहात यायचं? झोप नाही, पैसे उधळणं, बोलणं थांबत नाही?" मी नाहीच म्हणणार होते, तेवढ्यात धाकटे काका आठवले. एका आठवड्यात दोन बैलजोड्या दावणीला आणून बांधणारे, रात्री दोनला अंगणात भजन लावणारे, आणि मग महिनोन्‌महिने पांघरुणातून बाहेर न येणारे. घरात त्याला "वारं येतं" म्हणायचे. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली. दोन टोकांचा आजार असलेल्या माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो उलट्या टोकाला, उन्मादाकडं जाऊ शकतो. रक्ताच्या नात्यात तो आजार असला की नजर जास्त ठेवावी लागते. त्यांनी ह्यांना आत बोलावून सांगितलं, "बाई एकदम फार खूश झाल्या, झोपेनाशा झाल्या, तर आनंद मानू नका. मला फोन करा." काकांची ही गोष्ट आमच्या घरात कधी पाहुण्यांसमोर निघाली नव्हती. लपवली असती तर डॉक्टरांना कळायला दुसरा रस्ता नव्हता.

सुरुवात अर्ध्या गोळीनं झाली. गोळीच्या मधोमध खाच असते, नखानं दाबली की दोन तुकडे होतात, एक ताटलीत राहतो आणि दुसरा हमखास टेबलाखाली जातो. पहिले काही दिवस पोटात ढवळायचं, तोंड कोरडं पडायचं आणि जांभया! दहावीच्या वर्गात समास शिकवताना बाईच जांभया देतात म्हटल्यावर मागचा बाक खुदखुदला. हा ह्या गोळीचा माहितीतला त्रास आहे, पुस्तकात लिहिलेला, पण आधी कुणी सांगितलेला नसतो. पोटाचा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरला. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. पंधरा दिवसांनी मी "काहीच फरक नाही" म्हणत गेले तर डॉक्टर त्यांच्या कानडी हेलाच्या मराठीत म्हणाले, "भात पेरल्यावर रोज उकरून बघतात काय हो बाई?"

गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट. हेच सुरुवातीचे आठवडे, आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस, सांभाळायचे असतात. मन उदासच असतं आणि अंगात मात्र अस्वस्थपणा, तडफड येऊ शकते. लहान मुलं आणि तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये ह्या गोळ्यांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. त्याचा अर्थ तरुणांना गोळी देऊच नये असा नाही. उपचाराविना राहिलेलं डिप्रेशन स्वतःच जीव घेतं. अर्थ एवढाच, की त्या दिवसांत जवळचं कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे. बेळगावात बाहेरगावची किती मुलं इंजिनिअरिंग-मेडिकलला खोली घेऊन राहतात. त्यातलं एखादं मूल गुपचूप गोळी सुरू करतं तेव्हा ना घरी माहीत, ना रूममेटला. पाळत ठेवायची कुणी? गावाकडच्या घरांत आणखी एक गोष्ट, फवारणीचं औषध खाटेखाली, कणगीमागं ठेवलेलं असतं. आजारी माणूस घरात असताना ते घरात नकोच. गोळ्यांचा साठाही थोडा, आणि दुसऱ्या कुणाच्या ताब्यात.

आता मामांचं सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, म्हणाले, "लिही की, त्यात काय आता."

मामा खानापूर तालुक्यातले, माळकरी. मामी गेल्या वर्षी पडली, हातपाय मोडून घरात बसली, आणि तिची सेवा करता करता मामाच खचले. बेळगावच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन दिलं, गुण आला. ही गोष्ट मामीला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हती. गोळ्या देव्हाऱ्याच्या खणात, अष्टगंधाच्या डबीमागं. पुढं गुडघे दुखायला लागले तसे ते मुलासोबत मिरजेच्या बाजूला दाखवून आले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही चालू आहे?" मुलगा शेजारी बसलेला. मामा म्हणाले, "काय न्हाई." दुखणं जास्त होतं म्हणून ट्रॅमाडॉल असलेली गोळी मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, मामा कसंतरी करायलेत. मी गेले तेव्हा ते सोप्यात बसले होते. बाहेर श्रावणाचा गारठा आणि मामांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. कप ओठापर्यंत नेईतो निम्मा चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. पाय आपोआप झटके देत होते, बुबुळं मोठी झालेली, सकाळपासून हगवण, आणि एका जागी बसवत नव्हतं. घरचे म्हणत होते, बाधलं असेल काहीतरी. मी देव्हाऱ्याचा खण उघडला आणि दोन्ही पाकिटं घेऊन त्यांना गाडीत घातलं.

मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ह्या गोळ्या ते जास्त वेळ टिकवून धरतात. ट्रॅमाडॉल दुखणं मारतं, पण तेही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही मिळून ते जास्तच चढलं की घाम, थरथर, झटके, ताप, जुलाब, गोंधळ असा सगळा गोतावळा उठतो. वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेतू शकतं. मामांचं वेळेत कळलं. दवाखान्यात दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलाइन लावलं, झटक्यांवर औषध दिलं, आणि एक-दोन दिवसांत ते उठून बसले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं की गुडघ्याच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत, तर मामा म्हणाले, "गुडघ्याच्या डॉक्टरला डोक्याचं कशाला सांगायचं?"

ह्या प्रश्नावर मी अजून रागावू शकत नाही. आमच्या भागात माणसाचा गुडघा एका राज्यात आणि डोकं दुसऱ्या राज्यात असतं. फायली वेगळ्या, पिशव्या वेगळ्या, मेडिकल दुकानं वेगळी. सगळ्या गोळ्या एकत्र बघणारा माणूस एकच, तो म्हणजे रोगी स्वतः, आणि तोच गप्प.

ट्रॅमाडॉल एकटंच नाही. खोकल्याच्या कितीतरी औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फान असतं, तेही ह्याच जातीचं भांडण लावू शकतं. अर्धशिशीवरच्या काही गोळ्यांच्या बाबतीतही विचारून घ्यावं लागतं. लिनेझोलिड नावाचं प्रतिजैविक आहे, हट्टी क्षयरोगात वापरतात. त्याचा इतिहासाशी मजेशीर धागा जुळतो. डिप्रेशनच्या पहिल्या गोळ्यांपैकी एक, इप्रोनियाझिड, मुळात क्षयाचंच औषध होतं. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतल्या क्षय रुग्णालयात ते घेणारे रोगी अचानक आनंदी दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते औषध मेंदूतलं सेरोटोनिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) अडवत होतं. लिनेझोलिडही तेच विकर थोडंफार अडवतं. म्हणजे निपाणीकडच्या एखाद्या बाईला क्षयाच्या डॉक्टरांनी लिनेझोलिड दिलं आणि डिप्रेशनची गोळी तिनं सांगितलीच नाही, तर पुन्हा मामांचीच गत.

अंगदुखीला आपण चणेफुटाण्यासारखं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन खातो. डिप्रेशनच्या ह्या गोळ्यांबरोबर ती रोज घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी. साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं, पण तेही विचारून. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक. बीपीसाठी लघवीची गोळीही चालू असली की डिप्रेशनच्या ह्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी एकदम असंबद्ध बोलायला लागली, तोल जायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडू नये, रक्त तपासावं.

सरहद्दीचा एक खास घोटाळा मी निपाणीच्या वहिनीकडं बघितला. तिची चिठ्ठी कोल्हापूरची. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं कंपनीचं नाव निपाणीत मिळेना, म्हणून दुकानदारानं तेच औषध दुसऱ्या नावाचं दिलं. पुढच्या खेपेला कोल्हापूरहून पहिलंही आणलं. वहिनी दोन्ही घ्यायची, एक सकाळी, एक रात्री, दोन वेगळी औषधं समजून. स्ट्रिप उलटी करून मी तिला दिव्याखाली दाखवली. वर मोठ्या, रंगीत अक्षरात नाव वेगळं, खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन्हीकडं एकच. तेव्हापासून ती दुकानात मुंगीच वाचायला मागते. जनऔषधीच्या दुकानात तर वरचं मोठं नाव नसतंच, सरळ औषधाचं नाव, आणि दरही कितीतरी कमी.

दुकानाचं निघालंच आहे तर, रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवायची आणि "आण्णा, मागचंच द्या" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. अशानं एक चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. त्यातून एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी असली तर जास्तच जपायला पाहिजे. क्लोनाझेपाम झोपेची, घाबरटपणा कमी करणारी गोळी, सुरुवातीचे काही आठवडे आधार म्हणून देतात. तिची सवय लागते, दुसरीची तशी लागत नाही. लोक मात्र उलटं समजतात. जिनं लगेच शांत वाटतं ती "चांगली" आणि जी महिनाभर काही दाखवत नाही ती "उगीच". क्लोनाझेपाम घेऊन पहाटे मोटरसायकलवर दूध घालायला निघणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि चोर्ल्याच्या पलीकडून येणारी फेणी ह्यांतल्या कुठल्याच गोळीबरोबर नको, दोन घोटही.

पुरुषांबद्दल थोडं, कारण ते स्वतः बोलत नाहीत. ह्या गोळ्यांनी पुष्कळांची कामेच्छा कमी होते, किंवा वेळ लागतो. बायकांनाही होतं. पुरुष ह्या कारणानं कुणाला न सांगता गोळी बंद करतात आणि वर "आता बरं आहे" म्हणून सांगतात. डॉक्टरांना हा त्रास रोजचा आहे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. विचारायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावं.

बंद करणं हे सुरू करण्याहून नाजूक. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं, आणि डोक्यात करंट मारल्याचे झटके येतात. गोळीगणिक फरक असतो. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त त्रास, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं म्हणून कमी. हे व्यसन नव्हे, शरीर सावरायला वेळ मागतं एवढंच. म्हणून मात्रा आठवड्या-महिन्यांच्या पायऱ्यांनी उतरवतात. आणि एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आमच्याकडं गोळी एकदम तुटण्याची कारणं मात्र औषधाच्या पुस्तकात सापडत नाहीत. आषाढी वारीला निघताना टाळ, पताका, सतरंजी सगळं आठवणीनं घेतात आणि गोळी घरी, कारण दिंडीतल्या लोकांसमोर कशी घेणार. एकादशीला, नवरात्रात "उपासाला गोळी चालत नाही" म्हणून बंद. कणकुंबी-जांबोटीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातात, तेव्हा महिन्याची गोळी संपायच्या आधी आणून ठेवलेली नसली तर मिळतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलगी बघायला येणार म्हणून आईनं डबाच लपवून ठेवणं. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं असंच झालं. पाहुण्यांसमोर पोह्यांची ताटली घेऊन येताना तिला चक्कर आली आणि बोलणं फिसकटलं ते चक्करेमुळं. आईला अजून वाटतं गोळीमुळंच. पोटात मूल असताना, अंगावर पाजत असतानाही हेच, घाबरून परस्पर बंद करायची नाही, दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

सरकारी सोय नाही असंही नाही. बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसोपचाराच्या मोठ्या संस्थेनं जिल्हा पातळीवर मानसिक उपचार पोहोचवण्याचा प्रयोग केला तो आपल्याच कर्नाटकात, बळ्ळारीत, १९८० च्या दशकात. पुढं त्यावरून देशभरचा जिल्हा कार्यक्रम निघाला. कर्नाटक सरकारचा 'मनोचैतन्य' कार्यक्रम आहे, त्यात मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांनी बसायचं असतं. आपल्या तालुक्यात कोण, कधी बसतं ते आशाताईला विचारून घ्यावं. टेलिमानस ह्या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघू नये.

मामांनी आता माझ्याकडून एक कार्ड लिहून घेतलंय. सगळ्या गोळ्यांची खरी नावं, मात्रा, कुणी दिली, कधीपासून. सर्ट्रालिन पुन्हा सुरू आहे, गुडघ्याला आता वेगळं औषध. ते कार्ड तुळशीमाळेच्या पिशवीत असतं. परवा दात काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारायच्या आधीच टेबलावर ठेवलं म्हणे. मुलालाही सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं की. देव्हाऱ्यातनं फॉइल फोडल्याचा आवाज येतोय रोज."

माझं म्हणाल तर मी बरी होऊन काही महिने झाले. पहिल्यांदाच झालं असेल तर बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटण्याची भीती असते. मी दिवाळीनंतर कमी करूया म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "दहावीची परीक्षा कधी असते तुमची?" मार्चमध्ये, म्हटलं. "मग एप्रिलमध्ये या, पेपर तपासून झाल्यावर."